गुळणी आणि दातांवरील कीटण



सुवासिक औषधी गुळण्यांच्या बाटल्या आता खेड्यातील दुकानांतही मिळू लागल्या आहेत. एक गुळणी केली की तोंडातील जंतू नाहीसे होतात आणि दात घासण्याचे कारण उरत नाही, असा समज त्यांच्याबरोबर पसरण्याचा संभव आहे. तो कितपत खरा, याचा विचार करू.

सन १६८३ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी आपल्या दातांवरील कीटण सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळत होते. व्हिनेगरने दात धुतल्यावर कीटणाच्या बाहेरील बाजूचे जीव तेवढे मेले. आतले जिवंतच राहिले. गुळणीची मर्यादा या एका निरीक्षणात सामावली आहे. लाळेतील सुटे जंतू औषधाने कमी होतात, परंतु काही तासांत पुन्हा वाढतात. कीटणातील जंतू मात्र चिकट थराच्या आश्रयाने राहतात आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करून दात किडवतात. विहिरीच्या पायरीवरील शेवाळ पाणी ओतून जात नाही, ते खरवडावे लागते. तसेच हे होय.

क्लोरहेक्झिडीन हे औषध मात्र प्रभावी आहे. त्याच्या ०.२ टक्के द्रावणाच्या दिवसातून दोन गुळण्यांनी स्वच्छ दातांवर नवे कीटण साठत नाही, असे लो व शिऑट या संशोधकांनी १९७० मध्ये दाखविले. तथापि त्या प्रयोगात दात आधी पूर्ण स्वच्छ केलेले होते. शिवाय दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बिघडते. म्हणून ते दंतवैद्याच्या सल्ल्यानेच आणि ठराविक दिवसच वापरावे. सहा वर्षांखालील मुले गुळणी गिळून टाकतात. त्यांना औषधी गुळणी देऊ नये.

तेव्हा शाळेत काय करावे? मध्यान्ह भोजनानंतर मुलांकडून स्वच्छ पाण्याने चुळा भरवाव्यात. त्याने अन्नकण निघतात. कीटण निघत नाही, हेही मुलांना सांगावे. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासण्याची सवय लावावी. मशेरी ही तंबाखूच आहे, हे पालकसभेत स्पष्टपणे सांगावे. हिरड्यांतून रक्त येत असल्यास किंवा दात ठणकत असल्यास मुलाला आरोग्य केंद्रात पाठवावे.

बाटलीपेक्षा ब्रशवर खर्च व्हावा आणि ब्रशपेक्षाही सवयीवर आपले श्रम व्हावेत, एवढीच विनंती.