नाव न घेण्याचा आजार
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरे तर आजच्या सभेत मी बँकेतील ठेवी आणि नामनिर्देशन या विषयावर बोलावे, असे चिटणीसांचे म्हणणे होते. मी कॉमर्सचा पदवीधर, वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसलेला कारकून. तेव्हा त्यांची अपेक्षा रास्त होती. पण मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. नामनिर्देशनाकडे मी येणार आहे, जरा वळसा घालून.

माझ्या मुलीने काही महिन्यांपूर्वी माझ्या मोबाईलवर एक इंग्रजी पॉडकास्ट घालून दिला. ज्येष्ठांसाठी सांगतो, पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच बोलण्याचा कार्यक्रम, फक्त आपल्या सवडीने ऐकायचा. म्हापशाहून पणजीला जाताना कदंबच्या बसमध्ये मी तो ऐकू लागलो. तीन बायका मोठमोठ्याने हसत होत्या. मला वाटले, काही विनोदी असावे. थोड्या वेळाने कळले की तिघींनाही कॅन्सर आहे आणि बोलणे त्याविषयीच चालले आहे. मी आजूबाजूला पाहिले. कानात यंत्र होते, कोणाला ऐकू जाणार नव्हते, तरी पाहिले. ते का पाहिले, याचा विचार गेले काही महिने माझा पिच्छा सोडत नाही.

या कार्यक्रमाचे नाव ‘यू, मी अँड द बिग सी’. म्हणजे तू, मी आणि तो मोठा सी. नावावरूनच दिसते की साहेबाच्या देशातही लोक या आजाराचे सरळ नाव घेत नव्हते, आद्याक्षरावर भागवत होते. आपण ‘तो आजार’ म्हणतो, ‘मोठे दुखणे’ म्हणतो, आणि म्हणताना आवाज खाली आणतो. कार्यक्रम सुरू करणारीने लोकांची ही खोडच नावात घेतली आणि मग प्रत्येक भागात ती मोडीत काढली.

तिचे नाव रेचल ब्लँड. जन्म 1978, वेल्समधील कार्डिफचा. बीबीसीच्या ‘रेडिओ फाइव्ह लाइव्ह’ या वाहिनीवर ती बातम्या वाचत असे, कार्यक्रम सादर करत असे. दुसऱ्याला प्रश्न विचारणे हा तिचा धंदा आणि तीच तिची आवड. नोव्हेंबर 2016 मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तोही ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात त्या जातीचा. या जातीत नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. त्या वेळी तिचे वय 38 आणि मुलगा जेमतेम सव्वा वर्षाचा.

अशा वेळी कोणीही नोकरी गुंडाळून घरी बसले असते आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. रेचलने मार्च 2018 मध्ये हा पॉडकास्ट सुरू केला. सोबतीला आणखी दोन कॅन्सरग्रस्त तरुणी घेतल्या. एक डेबरा जेम्स, शाळेची उपमुख्याध्यापिका, तिला पस्तिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला. दुसरी लॉरेन माहन, तिला एकतिसाव्या वर्षी स्तनाचा. केस गळतात तेव्हा आरशासमोर काय होते, मुलांना कसे सांगायचे, नवऱ्याशी संबंध कसे राहतात, मरणाविषयी कोणाशी बोलायचे, असे विषय. आपल्याकडे अशा विषयांवर स्वयंपाकघरात कुजबुज होते आणि पुरुष माणूस आला की तीही थांबते.

मला मोलाची वाटते ती एक गोष्ट. आजाऱ्याला आपण प्रश्न विचारतो, ‘कसे वाटते?’ आणि उत्तराची वाट न पाहता ‘होईल सगळे ठीक’ म्हणून संत्र्यांची पिशवी ठेवून उठतो. प्रश्न आपले, उत्तरही आपलेच. रेचलने ही बाजू उलटी केली. प्रश्न विचारणारी खुर्ची तिने आजारी माणसाला दिली. तज्ज्ञ आला तर तो उत्तरे देण्यासाठी आला. मुलाखतकार म्हणून वर्षानुवर्षे कमावलेली सवय तिने दया नाकारण्यासाठी वापरली, असे मी म्हणेन. समोरचा गुळमुळीत बोलू लागला की ती पुढचा प्रश्न टाके.

मे 2018 मध्ये तिला कळले की आजार आता बरा होणारा नाही. ती मुलाला घेऊन फिरायला गेली होती, तिथे फोन आला. त्यानंतरही ती माइकसमोर बसत राहिली. मुलासाठी आठवणींचे पुस्तक लिहू लागली. 3 सप्टेंबर 2018 रोजी तिने स्वतःच जाहीर केले की आता थोडेच दिवस उरले आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या सांगितल्या, ही शेवटची स्वतःची सांगितली. 5 सप्टेंबरला ती गेली. वय 40. त्याच दिवसांत तिचा कार्यक्रम ब्रिटनच्या पॉडकास्टच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. पुढे तिचे पती स्टीव्ह ब्लँड त्या कार्यक्रमात सहभागी झाले. मुलासाठी लिहिलेले पुस्तक 2019 मध्ये निघाले.

आता कोणी म्हणेल, बोलून काय झाले? बाई तर वाचली नाही. बँकेत असल्यामुळे मलाही हिशेब मांडण्याची खोड आहे, म्हणून हिशेब देतो. डेबरा जेम्स हिने आपल्या शौचाकडे लक्ष द्या, रक्त दिसले तर डॉक्टरकडे जा, हे सांगण्याचा ध्यासच घेतला. इतक्या उघडपणे की ऐकणाऱ्याने तोंडावर पदर घ्यावा. मे 2022 मध्ये घरी अंथरुणाला खिळली असताना तिने निधी सुरू केला. उद्दिष्ट अडीच लाख पौंडांचे, जमले साठ लाखांहून अधिक. राजपुत्र विल्यम यांनी तिच्या आईवडिलांच्या घरी जाऊन तिला ‘डेम’ हा किताब दिला. 28 जून 2022 रोजी ती गेली, तिचेही वय 40. त्या वर्षी मे ते जुलै या तीन महिन्यांत इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेकडे आतड्याच्या कर्करोगाच्या संशयावरून सुमारे 1 लाख 70 हजार लोक तपासणीसाठी पाठवले गेले. आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा हा आकडा 30 हजारांनी जास्त. ही सगळी वाढ एकट्या तिच्यामुळे झाली असे मी म्हणत नाही, पण त्या आरोग्यसेवेनेच तिचे नाव घेऊन ती सांगितली. बोलण्याचे व्याज असे जमा होते.

अर्थात तिथे एक सोय आहे, ती विसरून चालणार नाही. तपासणीला गेले की बिल येत नाही. भीती मोडली की माणूस थेट दवाखान्याच्या दारात. आपल्याकडे भीती मोडली तरी पुढे खर्च उभा असतो. गोव्यात 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली, कुटुंबाला अडीच लाख किंवा चार लाखांपर्यंतचे कवच. 2021 मध्ये क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या संस्थेबरोबर स्तनाच्या तपासणीची मोहीमही सुरू झाली. युवराज स्वतः या आजारातून उठलेले. तेव्हा सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण तपासणीची गाडी गावात येते आणि बायका ‘मला काही नाही हो’ म्हणून मागच्या दाराने जातात, त्याला सरकार काय करणार?

आपल्या राज्याचे एक उदाहरण देतो, कोणाचाही अनादर न करता. मनोहर पर्रीकर फेब्रुवारी 2018 मध्ये आजारी पडले. जवळजवळ आठ महिने अधिकृत तोंडून त्या आजाराचे नाव आले नाही. ऑक्टोबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी ते उघड सांगितले. जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी असताना भाईंनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, मार्चमध्ये ते गेले. त्या नळीचे छायाचित्र पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, आजही येते. पण त्या आठ महिन्यांत घरोघरी जी कुजबुज चालली, तीही मला आठवते. राज्याच्या प्रमुखाच्या बाबतीत जर शब्द उच्चारता येत नाही, तर पेडण्याच्या माझ्या मावशीने कसा उच्चारावा?

मावशीविषयी चार वाक्ये सांगतो. तिला गाठ लागली ती गणपतीच्या आधी. घरात चवथ आहे, माटोळी बांधायची आहे, म्हणून बोलली नाही. मग दिवाळी. मग नातीचे लग्न. बोलली तेव्हा माघ लागला होता. एका इस्पितळात तिला कागद दिला, चार पानांचा, इंग्रजीत. तिने सही केली. मी विचारले, ‘मावशी, यात काय लिहिलेय ते कोणी सांगितले का?’ ती म्हणाली, ‘अरे बाबा, डॉक्टरला कसे विचारायचे? तो कामात असतो.’ चौथी शिकलेली बाई, ज्ञानेश्वरी वाचणारी. तिला मराठीत दोन पाने दिली असती तर तिने चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला असता.

या मंडळात आपण मराठीसाठी काय काय केले! 1987 चा राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजासाठी मराठीलाही जागा राहिली. ती जागा पुरेशी नाही म्हणून आपण आजही ठराव करतो, निवेदने देतो. मीही सह्या केल्या आहेत. पण पाट्या, परिपत्रके, शाळा यांच्या यादीत इस्पितळातला संमतीचा कागद कधी आला नाही. माणूस जिथे सर्वांत घाबरलेला असतो, तिथेच त्याच्या हातात परकी भाषा पडते आणि आपल्याला त्याचे काही वाटले नाही. आणि ‘कर्करोग’ हा आपल्याच भाषेतला शब्द; तो फलकावर दिसतो, पण आपल्या घरात मी तो एकदाही ऐकलेला नाही.

आता नामनिर्देशन. काउंटरवर मी प्रत्येकाला विचारतो, नॉमिनी लावला का? पन्नाशीचा गृहस्थ हसून म्हणतो, ‘एवढ्यात काय घाई आहे?’ नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चारजण लावता येतात, तरी एक लावायला माणूस तयार होत नाही. मग त्याची बायको मृत्यूचा दाखला घेऊन येते आणि ठेव कोणत्या शाखेत आहे हेदेखील तिला ठाऊक नसते. इस्पितळातल्या कागदावर न विचारता होणारी सही आणि बँकेच्या अर्जावर कधीच न होणारी सही, या दोन्हींच्या मागे एकच तोंड मिटलेले आहे. रेचलने पुस्तक लिहिले ते मुलाच्या नावाने. आमच्या भाषेत सांगायचे तर तिने नामनिर्देशन पूर्ण केले होते.

शेवटी कामाचे बोलतो. शासकीय इस्पितळांतील संमतिपत्रे आणि केमोनंतर घ्यायच्या काळजीची पत्रके मराठीत व कोकणीत द्यावीत, अशा निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. कोकणी मी मुद्दाम घातली आहे. त्यावर कोणाला वाद घालायचा असेल तर चहाच्या वेळी घालावा, माझी तयारी आहे. मसुद्यात ‘कर्करोग’ हा शब्द सात वेळा आला आहे, तो कमी करू नये ही विनंती. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. पेनही ठेवले आहे, आणि बँकेतल्यासारखी दोरी त्याला बांधलेली नाही.