इंग्रजी क्रियापदे आणि त्यांचे सोबती
(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. तेव्हापासून हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या दैनंदिन कामाचा एक भाग झाला आहे. आपली मुले शब्द भराभर पाठ करतात, स्पेलिंगे बिनचूक म्हणतात. परंतु तोच शब्द वाक्यात घालावयाचा प्रसंग आला की अडखळतात. असे का व्हावे, आणि त्यावर आपल्याला वर्गात काय करता येईल, याचा थोडा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम आपल्या मातृभाषेकडे पाहू. ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. आपल्याला भूक लागते, पायाला ठेच लागते, गंजीला आग लागते, मुलाला नोकरी लागते, कामाला वेळ लागतो आणि मुहूर्तावर लग्नही लागते. मराठी शिकू पाहणाऱ्या एखाद्या परभाषिकाने ‘लागणे म्हणजे काय?’ असे विचारले, तर एका शब्दात उत्तर देणे आपल्याला शक्य होणार नाही. इंग्रजीत यांपैकी प्रत्येक ठिकाणी निराळे क्रियापद येते. भुकेसाठी ‘फील हंग्री’, आगीसाठी ‘कॅच फायर’, नोकरीसाठी ‘गेट अ जॉब’ आणि वेळेसाठी ‘टेक टाइम’. तात्पर्य, क्रियापदाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या अंगी नसतो; तो त्याच्या सोबत्यांच्या योगाने ठरतो. हे सोबती प्रत्येक भाषेत वेगळे असतात.

इंग्रजीत हे सोबती मुख्यतः दोन प्रकारचे आहेत : एक नाम आणि दुसरे शब्दयोगी अव्यय.

नामाचे उदाहरण पाहा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. म्हणून आपला विद्यार्थी ‘आय गेव्ह द एग्झाम’ असे लिहितो. इंग्रजीच्या रूढ प्रयोगात मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. आपण लक्ष ‘देतो’. इंग्रजी माणूस ‘पे अटेन्शन’ म्हणतो. आपण चूकही ‘करतो’ आणि गृहपाठही ‘करतो’. इंग्रजीत चुकीसाठी ‘मेक’ आणि गृहपाठासाठी ‘डू’. याला सर्वत्र लागू पडेल असा नियम सांगता येत नाही. तेथे रूढीचे राज्य आहे, आणि रूढी ही सवयीनेच अंगवळणी पडते.

आता शब्दयोगी अव्ययांकडे वळू. येथे आपल्या मुलांच्या हातून दोन प्रकारचे दोष घडतात. पहिला, नको तेथे अव्यय घालणे. ‘मी त्याला विचारले’ यातील ‘ला’ मनात असल्यामुळे मुलगा ‘आय आस्क्ड टू हिम’ असे लिहितो. ‘आम्ही त्या विषयावर चर्चा केली’ यातील ‘वर’मुळे ‘डिस्कस्ड ऑन द सब्जेक्ट’ असे होते. वस्तुतः ‘आस्क’ आणि ‘डिस्कस’ यांना तेथे अव्ययाची गरज नाही. दुसरा दोष याच्या उलट, म्हणजे हवे तेथे अव्यय गाळणे. ‘माझे ऐक’ याचे ‘लिसन मी’ होते, ‘माझी वाट पाहा’ याचे ‘वेट मी’ होते. कारण मराठी वाक्यात ‘टू’ किंवा ‘फॉर’ यांच्या तोडीचे काहीच दिसत नाही. शिवाय आपला ‘ने’ हा एकच प्रत्यय इंग्रजीत दोन वाटांनी जातो. ‘बसने’ जावयाचे तर ‘बाय बस’, आणि ‘पेनाने’ लिहावयाचे तर ‘विथ अ पेन’.

या वाक्यांकडे लक्षपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येईल. मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही. त्याने आपल्या मातृभाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. अशा वहीवर केवळ तांबड्या शाईची रेघ ओढली, तर आपली बुद्धीच कमी आहे असे त्याला वाटू लागते आणि तो वर्गात तोंड उघडीनासा होतो. घरी इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलाला ही जोडणी आपोआप मिळते. शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलाला ती मिळण्याचे ठिकाण बहुधा एकच, आणि ते म्हणजे आपली शाळा. तेथे ती मिळाली नाही, तर पुढील शिक्षणात हे मूल वर्षानुवर्षे मागे रेटले जाते. म्हणून हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा आहे असे मी मानीत नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडबाहेरील वर्गांच्या गरजेतून वाढला, ही गोष्ट आपल्याला उत्साह देणारी आहे. हॅरॉल्ड पामर हे १९२२ साली जपानमध्ये गेले व त्यांनी तेथे इंग्रजीच्या अध्यापनावर संशोधन करणारी संस्था चालविली. नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दसमूहांचा त्यांचा अहवाल १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनी दोघा साथीदारांसह तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला व १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रकाशित केला. कोणते क्रियापद कोणत्या रचनेत चालते, हे त्यात विद्यार्थ्यासाठी मुद्दाम दाखविले होते. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात काही वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक असलेले फर्थ यांनी १९५०च्या दशकात शब्दांच्या या साहचर्याला भाषाशास्त्रात महत्त्वाचे स्थान दिले. पुढे संगणकात साठविलेल्या प्रत्यक्ष वापरातील वाक्यांच्या आधारे रचलेला ‘कोबिल्ड’ कोश १९८७ साली निघाला.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ योजना मांडली. तीत ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘गो’ यांसारखी अवघी १८ क्रियापदे ठेवली होती. बाकीचे काम त्यांना अव्यये जोडून साधावयाचे होते. शब्दांची संख्या कमी झाली, हे खरे. परंतु शिकण्याचे ओझे तेवढे कमी झाले नाही. ‘लुक’ येणाऱ्या मुलाला ‘लुक ॲट’ म्हणजे पाहणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे आणि ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, हे स्वतंत्रपणे शिकावेच लागते. सोप्या दिसणाऱ्या शब्दांना म्हणूनच अधिक वेळ दिला पाहिजे.

शब्दांच्या क्रमाचाही एक मुद्दा आहे. ‘पुट ऑन युअर कॅप’ आणि ‘पुट युअर कॅप ऑन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु टोपीऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले की ‘पुट इट ऑन’ एवढेच चालते. उलट ‘लुक आफ्टर’ची फोड कधीच होत नाही, तेथे ‘लुक आफ्टर इट’ असेच म्हणावे लागते. कारण पहिल्या वाक्यातील ‘ऑन’ क्रियापदाशी बांधलेला आहे, तर दुसऱ्यातील ‘आफ्टर’ पुढील नामाशी किंवा सर्वनामाशी बांधलेला आहे. ही मीमांसा लहान मुलांपुढे करण्याचे कारण नाही. शिक्षकाला मात्र ती माहीत असावी.

आता वर्गात काय करावे, याविषयी चार सूचना करतो.

पहिली : फळ्यावर क्रियापद एकटे लिहू नये. ‘लिसन – ऐकणे’ असे न लिहिता ‘लिसन टू द टीचर’ असे सोबत्यासह लिहावे व मुलांकडून तसेच म्हणवून घ्यावे.

दुसरी : प्रत्येक मुलाच्या वहीत एकेका क्रियापदाला एक पान द्यावे. ‘टेक’च्या पानावर परीक्षा, छायाचित्र, वेळ असे सोबती जसजसे भेटतील तसतसे लिहीत जावे. वर्षाला १२ पाने नीट भरली तरी पुष्कळ झाले.

तिसरी : रोज दहा मिनिटे आज्ञा व कृती यांचा पाठ घ्यावा. ‘पुट ऑन युअर कॅप’, ‘टेक इट ऑफ’, ‘पिक अप द चॉक’, ‘पुट इट डाउन’. मुलांनी ऐकावे, करावे आणि मग एकमेकांना तशाच आज्ञा द्याव्यात. यासाठी एका पैशाचेही साहित्य लागत नाही.

चौथी : चूक आढळल्यास तिच्याशेजारी मूळ मराठी वाक्य लिहावे. ‘मराठीत असे म्हणतात, इंग्रजीत असे म्हणतात’ एवढेच सांगावे. म्हणजे मुलाला स्वतःची लाज वाटणार नाही आणि दोन्ही भाषांकडे डोळसपणे पाहण्याची दृष्टी त्याला लाभेल.

आपणांपैकी अनेकांकडे दोन-दोन इयत्ता आहेत आणि वेळ थोडा आहे, याची मला जाणीव आहे. म्हणूनच शब्दांची संख्या वाढविण्यापेक्षा शिकविलेल्या थोड्या शब्दांना त्यांचे सोबती मिळवून द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. शंभर सुटे शब्द पाठ असलेल्या मुलापेक्षा वीस क्रियापदे त्यांच्या सोबत्यांसह वापरणारा मुलगा आपल्या मनातील गोष्ट इंग्रजीत अधिक सहजपणे सांगू शकेल. पुढील संमेलनाला येताना आपल्या वर्गातील अशी एखादी वही आपण सोबत आणावी. तिच्यावरून आपल्या चर्चेला अधिक निश्चित दिशा मिळेल.