दुर्बिणीचे आवर्तन



शिरूर आणि दौंड तालुक्यांत पाण्याच्या आवर्तनाचे महत्त्व कुणाला सांगावे लागत नाही. चासकमान आणि मुठा कालव्यांचे पाणी सार्वजनिक पैशाने आले; म्हणूनच ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले पाहिजे, हा आग्रह न्याय्य ठरतो. हाच न्याय विज्ञानाच्या साधनांनाही लागू केला पाहिजे.

शिरूरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात, गिरवली येथे, ‘आयुका’ या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. ती संशोधनासाठी आहे. ज्या ब्रिटिश कंपनीने ती घडविली, तिनेच तेवढ्याच आकाराच्या ‘फोक्स’ दुर्बिणी हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात उभारल्या. त्या मात्र प्रामुख्याने शाळांसाठी! ब्रिटनमधील विद्यार्थी वर्गात बसून इंटरनेटद्वारे त्या चालवू लागले, कारण तेथील शाळेच्या वेळी हवाईत रात्र असते. हा हिशेब आपल्याकडेही जुळतो. शिरूरमध्ये सकाळचे ११ वाजतात, तेव्हा हवाईत आदल्या रात्रीचे साडेसात वाजलेले असतात. मुलींना रात्री घराबाहेर राहावे लागत नाही. येथील पावसाळी ढगही आड येत नाहीत.

प्रश्न केवळ सुंदर चित्रे पाहण्याचा नाही. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली तीन-चार छायाचित्रे ताडून पाहिली, की तारे जागीच राहतात आणि लघुग्रहाचा ठिपका सरकलेला दिसतो. तो लघुग्रहच आहे की कॅमेऱ्यातील दोष, हे मोजून ठरवावे लागते. एकाचे मोजमाप दुसऱ्याला तपासावे लागते. गुरुजी सांगतात म्हणून खरे, ही सवय तेथे सुटते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्य सांगणाऱ्या शासनाने त्याचे साधनही पुरविले पाहिजे.

प्रत्येक शाळेला मोठी दुर्बीण देणे परवडणार नाही, हे खरे. परंतु पाणी वाटले की कमी होते. छायाचित्र शंभर शाळांना वाटले तरी उणे होत नाही. म्हणून संशोधनाला बाध न आणता सार्वजनिक दुर्बिणींचे काही तास जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी राखून ठेवावेत आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी पंचायत समितीपासून लावून धरावी. दौंडच्या उसाच्या फडावर आईबापांबरोबर आलेल्या मुलाचाही या आकाशावर तेवढाच हक्क आहे.