परदेशांतील नोकरी आणि निवृत्तिवेतन

पुसद-वणीकडील कित्येक मुलें पुण्याच्या कंपनींत लागतात आणि पुढें तिच्याच जर्मन उपकंपनींत जातात. मालक एकच, म्हणून नोकरीही अखंड, असें घरचीं माणसें समजतात. तें खरें नव्हे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेस १० वर्षांची सेवा लागते. येथें ६ व तेथें ५ वर्षें झालीं, तर १ मे २०१७ पासून अमलांत आलेल्या भारत-जर्मनी करारान्वये ११ वर्षें धरून हक्क पोंचतो. रक्कम मात्र येथल्या ६ वर्षांचीच. उरलेल्यांचें जर्मनीनें तिकडच्या कायद्याप्रमाणें द्यावयाचें. परंतु निघतेवेळीं मुलें निवृत्तिवेतनाचा सांचलेला पैसाही काढून घेतात, आणि तीं ६ वर्षें मोजणींतून कायमचीं जातात! त्याऐवजीं भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरींतून योजना-प्रमाणपत्र मागून घ्यावें.