छापखाना आणि रंगमंच : सर्व्हान्टिस, लोपे दे वेगा आणि शेक्सपिअर

सर्व्हान्टिस आणि शेक्सपिअर यांची तुलना बहुतेक ठिकाणी मृत्युदिनापासून सुरू होते, कारण दोघांच्याही नावापुढे २३ एप्रिल १६१६ ही तारीख लिहिली जाते. वस्तुतः सर्व्हान्टिसचे निधन २२ एप्रिलला झाले आणि २३ ला दफनविधी झाला. शिवाय स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगरियन कालगणना स्वीकारली होती, तर इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन कालगणना १७५२ पर्यंत चालू राहिली, त्यामुळे या दोन मृत्यूंमध्ये अकरा दिवसांचे अंतर पडते. या योगायोगापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट ही की, एकाची प्रतिभा छापखान्याच्या आश्रयाने फुलली आणि दुसऱ्याची रंगमंचाच्या.

सर्व्हान्टिसलाही नाटककार म्हणून नाव मिळवायचे होते. परंतु नाटकमंडळ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा १६१५ मध्ये त्याने आठ नाटके आणि आठ ‘एन्त्रेमेसेस’, म्हणजे अंकांच्या मधल्या वेळात करावयाची छोटी प्रहसने, ग्रंथरूपाने छापली आणि ती कधीच रंगभूमीवर आली नसल्याचे शीर्षकातच नमूद केले. शेक्सपिअरच्या बाबतीत नेमके उलट घडले : त्याची सुमारे निम्मी नाटके त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत, आणि १६२३ मध्ये हेमिंग्ज व कॉन्डेल या सहकारी नटांनी छत्तीस नाटकांचा ‘फर्स्ट फोलिओ’ हा मोठ्या आकाराचा संग्रह काढला नसता, तर ‘मॅकबेथ’ आणि ‘द टेम्पेस्ट’ आज बहुधा हाती नसती.

छापील ग्रंथाचे भान सर्व्हान्टिसच्या ‘डॉन क्विक्झोट’ या कादंबरीच्या कथानकातच उतरले आहे. पहिला भाग १६०५ मध्ये माद्रिदला निघाला. १६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी दुसरा भाग परस्पर प्रसिद्ध केला. आणि १६१५ मधील अस्सल दुसऱ्या भागात नायकाला भेटणाऱ्या कित्येकांनी पहिला भाग वाचलेला असतो. तोतया ग्रंथातला नायक सारागोसाला गेल्याचे कळताच खरा नायक वाट बदलून बार्सिलोनाला जातो, तेथे एका छापखान्यात शिरतो, कुठे खिळे जुळवले जात आहेत, कुठे मुद्रिते तपासली जात आहेत हे न्याहाळतो, आणि तपासल्या जाणाऱ्या पुस्तकांत तोच तोतया ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडतो. आपल्याविषयीची खोटी कथा छापून निघताना पाहणारे पात्र ही कल्पना वाचकासाठी लिहिणाऱ्यालाच सुचावी अशी आहे. आधुनिक कादंबरीचा जन्म येथे मानणाऱ्यांचे म्हणणे त्यामुळे पटते.

शेक्सपिअरशी खरी तुलना व्हावयास हवी ती लोपे दे वेगाची (१५६२–१६३५), आणि इंग्रजीच्या वाटेने युरोपकडे पाहणाऱ्या वाचकांकडून त्याची झालेली उपेक्षा खेदजनक आहे. माद्रिदमधील ‘कोर्राल’, म्हणजे घरांच्या मधल्या चौकात उभारलेली उघडी नाट्यगृहे, लंडनच्या ग्लोबप्रमाणेच उभ्या प्रेक्षकांनी भरत. मात्र तेथे स्त्रीभूमिका नट्या करीत आणि उत्पन्नाचा काही वाटा रुग्णालयांना जाई. नाट्यलेखनावरील १६०९ च्या पद्यप्रबंधात लोपेने शास्त्राच्या नियमांपेक्षा पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाच्या आवडीला उघडपणे कौल दिला. बांदेल्लोची जी इटालियन कथा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या मुळाशी आहे, तिच्यावर लोपेनेही नाटक लिहिले, त्यातील प्रेमिक जिवंत राहतात.

दोन देशांचे हे दोन मार्ग एकदा मात्र एकमेकांना छेदून गेले. ‘डॉन क्विक्झोट’च्या पहिल्या भागाचे थॉमस शेल्टनने केलेले इंग्रजी भाषांतर १६१२ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी शेक्सपिअरच्या नाटकमंडळीने राजदरबारात ‘कार्डेनिओ’ हे नाटक केले, जे नावावरून त्या ग्रंथातील एका उपकथेवर बेतलेले दिसते. १६५३ च्या एका नोंदीत ते फ्लेचर आणि शेक्सपिअर यांच्या नावावर आहे, परंतु फोलिओत त्याचा समावेश झाला नाही आणि त्याची संहिता आज उपलब्ध नाही.