रात्रीचा पाहुणा उदमांजर



परसातली पपई सकाळी अर्धी खाल्लेली दिसली, तर रात्री उदमांजर येऊन गेलं असेल. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. ते फळं खातं, तसे उंदीर आणि किडेही खातं. त्याच्या विष्ठेतल्या बियांतून नवी झाडं उगवतात.

खरी काळजी कोंबड्यांची. गटाचं कर्ज काढून आणलेली पिल्लं एका रात्रीत गेली, तर हप्ता कशातून भरायचा? म्हणून कुणी विष ठेवतं. पण तेच विष आपल्या कुत्र्याच्या, रांगत्या लेकराच्याही तोंडात जाऊ शकतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार उदमांजर मारणं गुन्हा आहे.

मग करायचं काय? दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घ्या. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी ठोका, दाराला कडी लावा. पिकलेली फळं संध्याकाळीच उतरवा. खरकटं उघड्यावर टाकू नका. माळ्यावर त्याची पिल्लं दिसली, तर हात लावू नका. वनविभागाला १९२६ वर कळवा.

जाळीचा खर्च एकटीला जड जातो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, सगळ्यांची जाळी एकदम आणा.