तंबोरा ऐकू यावा म्हणून



देवास आणि धार ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. त्यांतही देवासच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. माझे बिऱ्हाड देवासला आणि शाळा धारला. सबब इंदुरावरून सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास मला आठवड्यातून एकदा जाताना आणि एकदा येताना घडतो. बसमध्ये वाचता येत नाही आणि झोप लागत नाही. तेव्हा हेडफोन कानाला लावून कुमार गंधर्वांचे गाणे ऐकत बसावे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. १९४८ साली क्षयाने खंगलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले, ते १२ जानेवारी १९९२ पर्यंत तेथलेच होऊन राहिले. अशा गावच्या माणसाने दुसऱ्या कोणाचे ऐकावे? रजब अली खाँसाहेबांचे चाहते मला क्षमा करतील.

दोन वर्षांपूर्वी जुना फोन मोडला आणि नवा घेतला. घरी येऊन पाहतो तो त्याला हेडफोनचे गोल छिद्रच नाही! २०१६ साली ॲपलने आपल्या फोनमधून ते काढून टाकले आणि पुढे कित्येकांनी तोच कित्ता गिरवला. आता उरले ते फक्त चार्जिंगचे चपटे तोंड. त्यात बसणारा आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन घेणारा एक बोटभर तुकडा मिळतो. कोणी त्याला डोंगल म्हणतात, कोणी डॅक. आपण त्याला परिवर्तक म्हणू, कारण त्याचे काम तेच आहे. फोनमध्ये गाणे साठवलेले असते ते आकड्यांच्या रूपाने. त्या आकड्यांची विजेची लहर करायची आणि ती लहर हेडफोनचा पडदा हालवण्याइतकी सशक्त करायची, अशी दोन कामे हा तुकडा करतो.

माझा पहिला तुकडा मुळी बोललाच नाही. पुढे समजले की दिसायला अगदी सारख्या अशा दोन जाती असतात. एकीत परिवर्तन करणारी चकती असते. दुसरी म्हणजे नुसती तार. फोन स्वतः आवाजाची लहर तयार करून त्या तोंडावाटे बाहेर देत असेल तरच ही तार चालते आणि पुष्कळ फोन तशी देत नाहीत. सबब विकत घेण्यापूर्वी आपला फोन लावून पाहावा. दुकानदार हो म्हणतो, ह्यावर विसंबू नये. तो सगळ्यालाच हो म्हणतो.

दुसऱ्या खेपेला मी शिकलेल्या माणसाची चूक केली. खोक्यावरचे आकडे वाचून निवड केली. बत्तीस बिट, तीन लक्ष चौऱ्याऐंशी हजार हर्ट्झ! वाचूनच कान तृप्त झाले. वस्तुतः सीडीवर सोळा बिटांनी, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला ध्वनी असतो. एवढ्या मोजणीत सुमारे बावीस हजार कंपनांपर्यंतचा नाद मावतो आणि निरोगी तरुण कानाची धाव वीस हजारांपाशी संपते. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्याची तर त्याहूनही अलीकडे. सोळा बिटांत अतिमंद आणि अतिमोठा आवाज ह्यांतले अंतर ९६ डेसिबल राखता येते. जुन्या तबकडीची खरखर त्या मानाने किती तरी वर असते. कुमारजींच्या लहानपणीच्या ध्वनिमुद्रिकेला तीन लक्षांचे माप लावणे म्हणजे पायली घेऊन चिमूटभर हिंग मोजण्यासारखे आहे.

खरे पाहायला हवे ते खोक्यावर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. तो म्हणजे रोध, जो ओहममध्ये मोजतात. कानात घालायच्या लहान बोंडांचा रोध बहुधा सोळा ते बत्तीस ओहम असतो. घरी बसून ऐकण्याच्या काही मोठ्या हेडफोनांचा अडीचशे-तीनशे. परिवर्तकाचा स्वतःचा रोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. म्हणजे सोळा ओहमच्या बोंडाला दोन ओहमच्या आतला परिवर्तक. तसा नसेल तर स्वराची घडण बदलते, कारण पुष्कळ बोंडांचा रोध खर्जाला एक तर तारसप्तकाला दुसरा असतो. मग खर्ज फुगतो किंवा तार दबते आणि आपण दोष मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्याला देतो.

शक्तीचेही तसेच. एक व्होल्ट देणारा साधा तुकडा बत्तीस ओहमच्या हेडफोनला एकतीस मिलीवॉट पोचवतो, तीनशे ओहमच्याला जेमतेम तीन. मोठ्या हेडफोनला जास्त व्होल्ट हवेत, हे उघड आहे. पण तोच बलवान तुकडा नाजूक बोंडाला जोडला की दोन विपरीत गोष्टी घडतात. फोनवरची आवाजाची पहिली-दुसरी पायरी चढताच कान किटतात, वरच्या साऱ्या पायऱ्या फुकट. शिवाय मागे एक बारीक 'सूं' ऐकू येत राहते.

ह्या 'सूं'मुळेच माझे डोळे उघडले. अर्थात कान म्हणायला हवे. कुमारजी तंबोरे लावण्याबद्दल किती काटेकोर होते, हे सर्वश्रुत आहे. चांगला लागलेला तंबोरा छेडला की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. एक फुप्फुस निकामी झालेल्या त्या गायकाचे छोटे छोटे स्वरसमूह आणि मधले श्वास ह्या तंबोऱ्याच्या आधारावर उभे असतात. माझ्या महागड्या परिवर्तकात आलापापूर्वीचा तंबोरा जणू पावसाच्या भुरभुरीतून येई. लहानपणी वसईच्या चर्चमध्ये गाताना आमचे गुरुजी सांगत, स्वर सुरू कसा होतो ते सगळेच ऐकतात, संपतो कसा ते ऐका. तीच कसोटी मी पुढे वापरली. दुकानात द्रुत तराणा लावून परीक्षा करू नये. त्यात सगळेच तुकडे उत्तीर्ण होतात. शांत खोलीत, आपल्याच हेडफोनवर, तंबोऱ्याची पहिली मिनिटे ऐकावीत. गाणे थांबवून पाहण्यातही अर्थ नाही, कारण काही परिवर्तक अशा वेळी स्वतःच झोपी जातात आणि निर्दोष भासतात.

ह्याहून गंभीर गोष्ट बसमध्ये घडत होती. इंजिनाची घरघर जिंकण्यासाठी मी आवाज चढवीत होतो आणि हा पैलवान तुकडा हवा तितका चढवून देत होता. पूर्वीचा फोन दुबळा होता, म्हणून मी वाचलो होतो! एके दिवशी वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने उत्तर दिले, मी पुन्हा विचारले, तिने पुन्हा दिले, आणि तिसऱ्या खेपेला सगळा वर्ग हसला. मला तिचे स आणि श ऐकूच आले नव्हते. रात्री कानात रातकिडे बोलू लागले. डॉक्टरांनी श्रवणाचा आलेख काढला, त्यात चार हजार कंपनांपाशी खड्डा पडलेला. गोंगाटाने झिजलेल्या कानाची ही ओळखीची खूण. गेलेले ते परत येत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला वीस तास, ८९ला पाच, ९२ला अवघे अडीच. माझा जाण्यायेण्याचा एक आठवडाच त्याहून मोठा. तेव्हा बससाठी जास्त शक्तीचा परिवर्तक शोधणे हाच मुळात उलटा विचार. तेथे हवे कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे बोंड, म्हणजे घरघर बाहेरच राहते आणि मंद आवाजातही तंबोरा पोचतो.

सध्या मी सीडीच्या मापाहून थोडा सरस, कमी रोधाचा, अगदी स्वस्त तुकडा वापरतो. त्याची तार लवचीक आहे, हेही पाहून घेतले. ताठ तुकडा धक्क्याने फोनचे तोंड सैल करतो. गाणे चालू असताना फोनला वीज देता येत नाही, म्हणून तो इंदूर येईपर्यंत भरून घ्यावा लागतो, एवढीच काय ती तक्रार.

आणि तो पैलवान? दुकानदार परत घेईना. धारला आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांपाशी तीनशे ओहमचा मोठा हेडफोन आहे. त्यांच्या फोनवर तो कुजबुजल्यासारखा वाजे. त्यांना जोडून दाखवला, तर यत्किंचितही 'सूं' नाही, आणि खर्ज असा भरून आला की सर डोळे मिटून बसले. निम्मी किंमत त्यांनी रोख दिली. उरलेल्या निम्म्यापोटी मांडूची चिंच घरी पोचवतो म्हणाले. चिंच अजून आलेली नाही.